कान्ह्याला आलेला सरकारी माग

मित्रांनो, कान्हे गावात भिमाजीच्या गोठ्यात कधी गेलात, तर भाताच्या पेंढ्याआड एक मोठा लाकडी सांगाडा उभा दिसेल. गावातली पोरं त्याला मोडकी खाट समजतात. तो मी. मी कापड विणायचा माग आहे. माझ्या आडव्या लाकडांवर आता कोंबड्या झोपतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी या गावात कसा आलो आणि माझ्या येण्याने एका घराचं काय झालं, हे सांगणारं आता इथे कुणी उरलेलं नाही. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म पुण्याचा. हौशीराम नावाच्या सुताराने चांगल्या सागाच्या लाकडातून मला घडवलं. त्या वर्षी सरकारने असे बरेच माग करवून घेतले होते. गावोगावच्या विणकरांचा धंदा बसला होता आणि त्यांना आधार द्यायचा म्हणून नवे माग वाटायचे होते. हौशीराम रंधा मारता मारता माझ्याशी बोलायचा. "कुनाच्या तरी पोटाला लागनार हायेस बाबा," तो म्हणायचा, "वाकडं जाऊन चालायचं न्हाई." मला फार अभिमान वाटायचा. मी धावत्या धोट्याचा माग होतो. धोटा म्हणजे आडवं सूत वाहून नेणारा होडीसारखा लाकडी तुकडा. एक दोरी हिसकली की धोटा आपोआप इकडून तिकडे धावायचा. जुन्या मागावर तोच धोटा विणकराला हाताने फेकावा लागतो. माझ्यावर एका दिवसात जेवढं कापड निघायचं, तेवढं जुन्या मागावर तीन दिवसांतही निघत नसे. मला वाटायचं, ज्या घरी जाईन त्या घरी दिवाळी होईल.

मी ज्या घरी जाणार होतो, त्या घराची गोष्ट आधी ऐका.

कान्ह्यात सनगराचं एकच घर होतं. सनगर म्हणजे घोंगड्या विणणारे. त्या घरात दोन भाऊ राहत, रखमाजी आणि सोपान. मोठ्या तापाच्या साथीत त्यांचे आईबाप एकाच आठवड्यात गेले, तेव्हा सोपान शाळकरी वयाचा होता. रखमाजीने आणि त्याच्या बायकोने, रतनबाईने, त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. पुढे सोपानचं लग्न झालं, पण बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि त्याने पुन्हा लग्न केलं नाही. तेव्हा त्या घरात माणसं तीनच, आणि माग दोन.

ते माग माझ्यासारखे उभे नव्हते. जमिनीत गुडघाभर खड्डा, खड्ड्याच्या काठावर विणकर बसणार, पाय खाली सोडून पावड्या, म्हणजे पायपट्ट्या, दाबणार आणि समोर जमिनीलगत ताणा, म्हणजे ताणून लावलेले धागे. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून विणायचे. रतनबाई मेंढीची लोकर पिंजून सूत कातायची. चिंचोके शिजवून त्याची खळ करायची आणि ती ताण्याला लावायची. अशी घोंगडी भरपावसात डोक्यावरून घेतली की पाणी वरून निथळून जायचं आणि आतला माणूस कोरडा राहायचा. मावळातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. आंदर मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर रखमाजीच्या घोंगड्यांना मोठा मान होता. लोक तांदूळ द्यायचे, हिरडा द्यायचे, आणि घोंगडी खांद्यावर टाकून डोंगर चढायचे.

मग कामशेतच्या बाजारात परदेशी रग आले. लाल, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. हाताला मऊ आणि किमतीला इतके उतरलेले, की घोंगडीला लागणारी नुसती लोकरसुद्धा त्या पैशांत येत नसे. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या यंत्रात पिंजून ते करत, असं म्हणायचे. दोन पावसाळ्यांत ते विरायचे. पण गरिबाला थंडी आज वाजते, तो दोन पावसाळ्यांचा हिशोब कुठून करणार? रखमाजी घोंगड्या बांधून बाजाराला जायचा आणि तशाच बांधून परत आणायचा. आढ्याला टांगलेल्या घोंगड्या वाढत गेल्या आणि रतनबाईचा सूत कातायचा रहाट मंदावत गेला.

अशा वेळी पुण्याहून सरकारी विणमास्तर आला. त्याचं नाव दत्तोबा. माणूस भला होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्हाला त्याचा राग येईल. त्याने दोघा भावांचं काम पाहिलं. सोपानला म्हणाला, "सहा महिने पुण्याला ये. नवा माग शिकवतो, खायची सोय सरकार करेल. शिकलास की माग तुझ्या घरी येईल. सूतही आम्हीच देऊ आणि कापडही आम्हीच विकू."

सोपानने विचारलं, "आन भाऊला?"

"घराला एकच माग," दत्तोबा म्हणाला. "आणि शिकणारा चाळिशीच्या आतला हवा. नियम माझा नाही."

रखमाजी तेव्हा पन्नाशीच्या जवळ आला होता. तो दाराशी उभा होता. दत्तोबाने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "माझं काय मास्तर, माझं चाललंय. त्याला न्या."

सोपान जायला तयार नव्हता. रखमाजीने त्याला बाजूला घेऊन समजावलं, "हट करू नगंस. दोघं मिळून उपाशी ऱ्हान्यापरास एकाच्या तरी ताटात पडू दे. तुझ्या ताटातलं मला काय तू देनार न्हाईस व्हय?" सोपान गेला.

सहा महिन्यांनी तो परत आला आणि त्याच्यासोबत मी. पुण्याहून मालगाडीने कामशेत स्टेशनात उतरलो आणि भिमाजीच्या बैलगाडीतून कान्ह्याला आलो. माझे भाग सुटे होते. लोक जमले, कुणी माझ्या लाकडाला हात लावून पाहिलं, कुणी हळदकुंकू वाहिलं. रतनबाईने माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मला वाटलं, झालं, आता माझं काम सुरू.

पण घर लहान होतं. दत्तोबा मोजमाप घेत आत-बाहेर फिरला आणि शेवटी एका जागी थांबला. मी उभा राहायला जागा अशी एकच होती. पूर्वेच्या खिडकीसमोर, जिथे उजेड पडतो तिथे. आणि तिथे रखमाजीचा खड्डा होता. तो खड्डा त्याच्या बापाने खणलेला. पाय ठेवून ठेवून त्याच्या भिंती दगडासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

"हा बुजवावा लागेल," दत्तोबा अडखळत म्हणाला.

"माझा बुजवा," सोपान म्हणाला. "भाऊचा न्हाई."

"तुझा कोपऱ्यात आहे. तिथे माग मावत नाही, वर तुळई लागते."

"मग मला नगं माग."

मग रखमाजी उठला, परसात गेला आणि मातीची पाटी भरून घेऊन आला. त्याने ती खड्ड्यात ओतली. परत गेला, दुसरी आणली. सोपान पाटी हिसकावून घ्यायला गेला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाजूला हो. माझा हाय, मीच भरनार." खड्डा भरल्यावर तो त्यात उतरला आणि पायांनी माती दाबू लागला. ज्या पायांनी त्याने जन्मभर पावड्या दाबल्या, त्याच पायांनी. रतनबाईने वरून शेण सारवलं. सारवताना तिने पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता, त्यामुळे तिचं तोंड मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला तिथे उभं केलं.

मित्रांनो, मी खोटं सांगत नाही, मला काम करायला फार आवडायचं. सोपानचा हात तयार होता. दोरी हिसकली की धोटा धावायचा, हात्याची फळी ठोकली की सूत घट्ट बसायचं. चौकड्यांची, रुंद पन्ह्याची लोकरी कापडं माझ्यावर उतरू लागली. दत्तोबा महिन्याला यायचा, गिरणीचं सूत द्यायचा आणि कापड घेऊन जायचा. एकदा पुण्याच्या प्रदर्शनात आमचं कापड मांडलं. मोठमोठ्या लोकांनी ते हातात धरून वाखाणलं, असं दत्तोबा सांगत आला. घरात दोन्ही वेळा चूल पेटू लागली होती. ही गोष्ट मी लपवणार नाही. मदत खरोखरीची मदत होती.

पण ती एकाला पुरत होती. सूत गिरणीतून येई, म्हणून रतनबाईचा रहाट थांबला. ती माझ्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची, ते काम घटकेत संपायचं, मग रिकाम्या हाताने बसून राहायची. हात रिकामे राहिले की ती बोटं चोळायची, जणू काही त्यांत सूत आहे. आणि रखमाजी कोपऱ्यातल्या अंधारात सोपानच्या जुन्या खड्ड्यात बसून घोंगड्या विणायचा. उजेड माझ्यामागे अडायचा. त्याला तुटलेला धागा दिसायचा नाही, मग तो बोटांनी चाचपून गाठ मारायचा. मी खिडकीच्या आड उभा होतो. मला सरकता येत नव्हतं.

एके दिवशी आंदर मावळातल्या वाडीवरून सावळा आला. हा डोंगरातला कोळी माणूस. त्याच्या बापापासून त्यांच्याकडे रखमाजीचीच घोंगडी. यावेळी मात्र त्याच्या खांद्यावर लाल पट्ट्यांचा रग होता. त्याने तो खाली ठेवला आणि बराच वेळ पायाच्या नखाने जमीन उकरत उभा राहिला.

"आबा," तो म्हणाला, "फाटलाय. कुनाकडं नेऊ, काय समजंना. तुमी शिवून द्याल का?"

सोपानने दोरी सोडली. मी थांबलो. सोपान काहीतरी बोलणार होता, पण रखमाजीने हाताने त्याला गप्प केलं. त्याने रग मांडीवर घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि सुई मागितली.

"ह्यात लांब धागाच न्हाई सावळा," तो म्हणाला. "ओढलं की सुटतंय. आतनं घोंगडीचं ठिगळ लावतो, म्हंजी टिकंल."

"आबा, मी काय करू, पोरं थंडीनं…"

"मी तुला काय म्हनलं का? ज्यांनी ह्यो केला, त्यांचंबी पोट आसंलच की."

आढ्याला टांगलेल्या घोंगड्यांतली एक त्याने काढली, तिचा तुकडा कापला आणि परक्या रगाला आतून ठिगळ लावलं. सावळा तांदूळ देऊ लागला, तो त्याने घेतला नाही. सावळा गेल्यावर तो पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला. पण त्या दिवशी त्याने धोटा उचलला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो खंडाळ्याला कामाला गेला. घाटाकडेला कुणा शेठचा बंगला बांधत होते, तिथे दगडमाती वाहायचं काम होतं. सोपान म्हणाला, "भाऊ, तुमचे पाय बसून बसून वाळल्यात. चढनीवर वज्जं उचलायचं तुमचं काम न्हाई."

"घरात बसून तुझं कापड मोजत बसू का?" रखमाजी म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की शब्द लागला, म्हणून त्याने सोपानच्या पाठीवर हात ठेवला. "तसं न्हाई रं. मानसाला सकाळी उठून कुटंतरी जावं लागतंय."

खांद्यावर स्वतःच्या हातची घोंगडी टाकून तो गेला. आठवड्याला यायचा, तो दर खेपेला वाळलेला दिसायचा. रतनबाई त्याच्या पायांना तेल चोळायची. तो खंडाळ्याच्या गमती सांगायचा. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही म्हणायचा, आणि साहेबांची कुत्रीसुद्धा गालिच्यावर झोपतात म्हणायचा. स्वतःच हसायचा. आम्ही ऐकायचो.

पावसाळा लागला आणि तो एका दुपारी अचानक आला. ओलाचिंब, आणि अंगावर घोंगडी नाही. अंग तव्यासारखं तापलं होतं. रतनबाईने विचारलं, "घोंगडी कुटं हाय?" तर म्हणाला, "हाय, हाय. येईल." एवढंच बोलून आडवा झाला.

वडगावच्या डॉक्टरने औषध दिलं. छातीत कफ भरलाय म्हणाला. रखमाजी माझ्याजवळच भिंतीला लागून झोपायचा, कारण घरात कोरडी जागा तेवढीच होती. सोपान काम टाकून त्याच्या उशाशी बसू लागला, तर तो रागवायचा. "मास्तरला कापड द्यायचंय. ऊठ. मी काय आत्ताच मरत न्हाई."

त्या दिवशीची दुपार मला विसरता येत नाही. बाहेर पाऊस पडत होता. रतनबाई चुलीपाशी पेज करत होती. रखमाजीला जरा हुशारी वाटत होती. तो सोपानला म्हणाला, "ठोक तू. मला ऐकू दे."

सोपान बसला. त्याने दोरी हिसकली. माझा आवाज घरभर भरला.

"ह्याचा आवाज लय घाईचा हाय," रखमाजी म्हणाला. "आपल्याचा कसा शांत हुता. पन थांबू नगंस."

सोपान थांबला नाही. भावाला आवडतंय असं वाटून तो भरभर विणू लागला. धोटा धावत होता, हात्या ठोकत होता. चौकडी पुरी झाली, दुसरी लागली. मग रतनबाई पेजेची वाटी घेऊन आली. ती रखमाजीकडे वाकली. तिने वाटी खाली ठेवली. मग ती माझ्याकडे आली आणि तिने माझ्या हात्यावर आपला तळवा ठेवला. मी थांबलो.

सोपानने वर पाहिलं. रतनबाई म्हणाली, "बास झालं."

घरात फक्त पावसाचा आवाज उरला.

संध्याकाळच्या आत अंत्ययात्रा काढायची होती. गावकरी जमले, भिमाजीने लाकडं आणली, अंबाजी गुरवाने तिरडी बांधली. पाऊस थांबत नव्हता. आढ्याला आता एकही घोंगडी नव्हती. उरल्या होत्या त्या सगळ्या रखमाजीने खंडाळ्याला जाण्याआधीच वाडीवरच्या लोकांना देऊन टाकल्या होत्या, नुसत्या लटकून कसर लागते म्हणून. सोपान तिरडीकडे बघत उभा होता. मग तो आत आला, कात्री घेतली आणि माझ्यावरचं अर्धं विणलेलं कापड ताण्यातून कापून काढलं. सरकारचं सूत, सरकारचं कापड. कुणीतरी म्हणालं, "आरं, ते द्यायचं हाय ना?" सोपान म्हणाला, "भाऊला पाऊस लागाया नगं." त्याने ते कापड तिरडीवर पांघरलं आणि कडा नीट दाबल्या. मग त्याला इंद्रायणीवर नेलं.

कापलेल्या ताण्याचे धागे माझ्यावर लोंबकळत राहिले.

दहाव्याच्या आसपास खंडाळ्याहून एक बाई चालत आली. बायडाबाई तिचं नाव. बंगल्याच्या कामावर रखमाजीबरोबर होती. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं आणि हातात धुऊन घडी घातलेली घोंगडी. दारात उभी राहून म्हणाली, "आबांनी दिलती. प्वार भिजत हुतं माझं. म्हनले, उद्या दे. मग ते आलेच न्हाईत." तिला काही ठाऊक नव्हतं. रतनबाईने तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं. बायडाबाई घोंगडी पुढे करून रडू लागली. रतनबाईने ती घोंगडी उलगडली, एकदा हाताने सगळीकडून चाचपली आणि त्या मुलाभोवती गुंडाळली. "ठेव. अजून लय पाऊस हाय," ती म्हणाली.

महिना भरल्यावर दत्तोबा आला. त्याने माझ्यावरचे कापलेले धागे पाहिले आणि चप्पल काढून जमिनीवर बसला. सोपान म्हणाला, "मास्तर, कापड मी जाळलं. काय करायचं ते करा." दत्तोबाने लोंबणारे धागे बोटांनी सारखे केले. मग म्हणाला, "काही करत नाही. सांगायला आलो होतो, की सूत आता येणार नाही. योजनेची मुदत संपली. मलाही घरी बसवलंय." जाताना तो दारात थांबला. "रखमाजींना मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "ते म्हणाले माझं चाललंय, आणि मी मान्य केलं. मला ते सोयीचं होतं."

त्यानंतर सोपान माझ्यावर बसला नाही. हातकताईचं सूत माझ्या बारीक फणीत टिकत नसे, आणि गिरणीचं सूत विकत घेणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. पण मला वाटतं, सूत असतं तरी तो बसला नसता. दोरीला हात घालायला जायचा आणि भिंतीकडे बघून परत फिरायचा. मग मोठी लढाई सुरू झाली, दुसरं महायुद्ध. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात माणसं घेत होते. तो तिकडे गेला. रतनबाई भिमाजीच्या शेतात लावणीला, खुरपणीला जाऊ लागली. संध्याकाळी ती आणि मी, दोघंच.

लढाईमुळे समुद्राच्या वाटा बंद झाल्या. परदेशी रग यायचे थांबले. आणि मग एक दिवस पुण्याहून सरकारी खरेदीचा एक माणूस कान्ह्यात आला. फौजेला कांबळी हवी होती. जाड, घट्ट, आत पाणी न शिरणारी. तो दारात आला तेव्हा रतनबाई तांदूळ निवडत होती.

"रखमाजी सनगर इथेच राहतात ना?" त्याने विचारलं. "त्यांच्या हातच्या कामाचं नाव ऐकलंय. पुष्कळ काम आहे, म्हणावं. विणतील तेवढं घेऊ."

रतनबाईने सूप बाजूला ठेवलं. "हितंच ऱ्हात हुते," ती म्हणाली.

"आता कुठे भेटतील?"

"आता न्हाई भेटायचे. उशीर झाला तुमाला."

तो माणूस ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा एवढा चांगला माग आहे. कुणाचा?"

"सरकारचा."

"मग बंद का?"

"ज्याला दिला, त्याला बघवंना," रतनबाई म्हणाली. "ज्याला पायजे हुता, त्याला दिला न्हाई. तुमी बसा, पानी देते."

तो पाणी प्यायला. जाताना त्याने विचारलं, की लोकर पाठवली तर सूत कातून द्याल का. तिने हो म्हटलं. लढाई संपेपर्यंत तिचा रहाट पुन्हा फिरला. तिने कातलेलं सूत कुठल्या गावच्या कोणत्या मागावर जायचं, ते तिला कधी कळलं नाही.

लढाई संपली, लोकर यायची थांबली. रतनबाईला दिसेनासं झालं होतं. सोपान तिला खडकीला न्यायला आला. त्याच्या डोक्याचे केस पांढरे झाले होते. गाठोडं बांधून झालं, तरी दोघं उंबऱ्यावर बसून राहिली.

"वैनी," सोपान म्हणाला, "एक इचारू? त्या दिवशी भाऊनी मला हाक मारली हुती का?"

रतनबाईने गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, "मी चुलीपाशी हुते. मला ठावं न्हाई. मागाचा आवाज लय मोठा हुता."

मलाही ठाऊक नाही. माझ्याच आवाजात मी होतो. हौसेने धावत होतो. मित्रांनो, इतकी वर्षं या पेंढ्यात उभा राहून मी तीच दुपार पुन्हा पुन्हा ऐकतो. धोट्याचा खटका आणि हात्याचा ठोका यांच्यामध्ये जी एवढीशी फट असते, तीत कान लावतो. तिथे काही ऐकू येत नाही.

ती दोघं स्टेशनाच्या वाटेला लागली. पुढच्या पावसात घराचं छप्पर बसलं आणि भिमाजीने मला इथे आणून ठेवलं.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी मास्तर व्हाल, कुणी सरकारी अंमलदार. तुमच्या हातून कुणाला तरी मदत द्यायची वेळ येईल. देताना हात आखडू नका, मदत मोलाची असते, मी ती पाहिली आहे. पण घरात शिरण्याआधी थोडा वेळ उंबऱ्यावर बसा. घरात माणसं किती, कोण कुठे बसतं, उजेड कुणाच्या वाट्याचा आहे, ते पाहा. आणि दाराशी उभं राहून जो हसून म्हणतो, "माझं काय, माझं चाललंय," त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्याजवळ जा आणि त्याला पुन्हा एकदा विचारा.